आईची वाटी आणि प्रोटीनचा डबा

डेंग्यूतून आई उठली, पण खुर्चीतून काही उठेना. वय ७६, वजन ५६ किलोवरून ५० वर आलेलं, दंडाची कातडी लोंबायला लागलेली. बाथरूममधून बाहेर यायचं तरी मला हाक मारायची. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढवा." कसं, किती, हे मी विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आठवड्याभरात घरात दोन डबे जमले. एक मीच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणला, "आजारपणानंतर सगळे हेच नेतात" असं ऐकून. दुसरा भाच्याने त्याच्या जिममधून आणला. "मावशी, आजीला सकाळी उठल्याउठल्या दुधातून एक स्कूप दे, महिन्यात फरक बघ." दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण आईला मधुमेह आहे, थायरॉईडची गोळी चालू आहे, आणि मला काहीतरी खटकत होतं. म्हणून डबे न उघडता कपाटात ठेवले आणि आमच्या भागातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी डब्यांकडे पाहिलंच नाही. आधी किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर प्रोटीन वाढवायचं की नाही, हे किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं. आईचा रिपोर्ट ठीक होता. मग म्हणाल्या, "चार दिवस आई काय खातात ते वजन करून लिहून आणा." राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. वय झालेल्या आणि आजारातून उठलेल्या माणसाला त्या १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे आईला ५० ते ६० ग्रॅम.

स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. सकाळी चहा, वाटीभर पोहे. दुपारी दोन पातळ पोळ्या, भाजी, थोडा भात, त्यावर आमचं नेहमीचं पातळ वरण, ग्लासभर ताक. रात्री मऊ भात आणि मेतकूट, झोपताना अर्धा कप दूध. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच सात्त्विक आणि पुरेसं जेवण मानलं जातं. बेरीज झाली जेमतेम ३० ग्रॅम. वाटीभर वरणात डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम, त्यातून प्रोटीन मिळतं चारेक ग्रॅम. इतकी वर्षं मी "वरण आहे ना ताटात" म्हणून निश्चिंत होते. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. आई रोज माझ्या डोळ्यांसमोर जेवत होती.

मग डबे वाचायला बसले. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहायचं, असा नियम आहे. मी आणलेल्या डब्यात दुसऱ्याच नंबरावर साखर होती. १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन २० ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमच्या अख्ख्या डब्यात ८०. किंमत ६४०. एक ग्रॅम प्रोटीन आठ रुपयांना पडलं, आणि मधुमेहाच्या बाईला साखर वर फुकट. तेवढंच प्रोटीन पनीरमधून घेतलं तर ग्रॅमला तीन रुपयेसुद्धा लागत नाहीत.

भाच्याचा डबा व्हेचा होता. चीज करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन म्हणजे व्हे. त्याचा कॉन्सन्ट्रेट हा प्रकार स्वस्त, पण त्यात दुधातली साखर, लॅक्टोज, जास्त उरते. आयसोलेट हा प्रकार महाग, त्यात ती अगदी थोडी. आईला दुधाने पोट फुगतं, त्यामुळे हा फरक आमच्यासाठी महत्त्वाचा होता. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक बघावाच, पण तो परवान्याचा असतो; आतला माल तपासल्याची ती पावती नव्हे. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुतेक वेळा नायट्रोजनवरून मोजतात, म्हणून काहीजण ग्लायसिन, टॉरीन यांसारखे नायट्रोजन असलेले स्वस्त पदार्थ घालून आकडा फुगवतात. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. तेव्हापासून यादीत ग्लायसिन, टॉरीन ही नावं स्वतंत्र लिहिलेली दिसली की मी डबा परत ठेवते.

आणि उठल्याउठल्या दुधातून देण्याची ती सूचना! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात तर चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. भाच्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण विकणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की हे घेणार कोण आहे.

शेवटी बदल स्वयंपाकघरातच झाले. पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. वरण घट्ट, डाळ दुप्पट. चार वाजता ५० ग्रॅम पनीर, कधी मीठ-जिरं घातलेला चक्का, दोन्ही तिला दुधापेक्षा सोसतात. रात्री मऊ भातात मुगाची डाळ शिजवून. पहिल्या आठवड्यात आई रुसली, "एवढं कोण खाणार?" म्हणून तेच पदार्थ पाच वेळा थोडे थोडे दिले. ज्या दिवशी तिला जेवणच जात नसे, तेवढ्या दिवशी आयसोलेटचा अर्धा स्कूप ताकात घालून, गोळीनंतर बऱ्याच वेळाने. त्यासाठी भाच्याला सांगून डबा बदलून आणला, बिलासकट.

फिजिओथेरपिस्टनी रोज खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला लावलं. नुसत्या खाण्याने स्नायू धरत नाहीत, त्यांना कामही लागतं, हे त्यांनी आईला माझ्यापेक्षा चांगलं पटवलं.

चौथ्या महिन्यात वजन ५२.५ झालं. आता ती काठी न घेता थोरात उद्यानापर्यंत येते, मधे एकदा बसते. डबा अर्धा उरला आहे. झाकणावर उघडल्याची तारीख मी पेनाने लिहून ठेवली आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा क्रिएटिनिन करायचं आहे.