मोत माउलीच्या टेकडीवर: वांद्र्याच्या माउंट मेरीला जाणार असाल तर

माउंट मेरीला, म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरच्या मारियेच्या चर्चला (आपली मोत माउली), सप्टेंबरच्या जत्रेत जावं की एरवी, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आई म्हणते, जत्रेशिवाय मोत माउलीला जाण्यात काय अर्थ? माझं म्हणणं, जत्रेत चर्च दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसते. या खेपेला पुण्याहून मावशी आली होती, तिचा जुना नवस फेडायचा राहिला होता, आणि गुडघ्यांमुळे गर्दी तिला झेपत नाही. त्यामुळे जानेवारीतला साधा मंगळवार ठरला आणि आईला बहुमतापुढे मान तुकवावी लागली.

वार मुद्दाम सांगितला. दक्षिण मुंबईकडून किंवा दादरकडून गाडीने येणार असाल तर बुधवार टाळा. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे दर आठवड्याची खास प्रार्थना असते, पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागते आणि माहीमच्या त्या नाक्यावर वाहतुकीचा बोजवारा उडतो. सोमवार-मंगळवार सकाळ सगळ्यात बरी. शनिवार-रविवारी चर्चपेक्षा हिल रोडवरची खरेदीची गर्दीच तुम्हाला जास्त दमवेल.

आम्ही डोंबिवलीहून लोकलने आलो, दादरला गाडी बदलली. वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं. पूर्वेला उतरलात तर कलानगर-बीकेसीच्या रिक्षावाल्यांच्या हाती सापडाल. पश्चिमेला बाहेर आल्यावर बेस्टची बसही मिळते आणि रिक्षाही. अंतर अडीच-तीन किलोमीटरच आहे, पण चढ आहे, म्हणून वयस्कर माणसं सोबत असतील तर थेट वर चर्चच्या दारापर्यंत रिक्षा करा. मीटरने या, ठरवून येऊ नका.

आम्ही मात्र थेट वर गेलो नाही. आधी खाली हिल रोडवर सेंट अँड्र्यूजला उतरलो, आणि माझा आग्रह आहे की तुम्हीही हाच क्रम ठेवा. बहुतेक लोक माउंट मेरी करून बँडस्टँडवर फोटो काढायला जातात आणि सेंट अँड्र्यूज राहून जातं. वांद्र्याची खरी मुळं मात्र इथे आहेत. पोर्तुगीज जेसुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी उभारलेलं हे चर्च, १५७५ साल सांगितलं जातं. पांढरा दर्शनी भाग, आवारात जुनी दफनभूमी, आणि एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस. त्या क्रुसापाशी पाच मिनिटं थांबा. येशूच्या दुःखसहनाची चिन्हं त्यावर कोरलेली आहेत. मावशीने चष्मा पुसून ती एकेक शोधून काढली आणि म्हणाली, "आपल्याकडे वीरगळ वाचतात तसं हे वाचायचं." चर्चच्या मागे समुद्राच्या बाजूला चिंबई, म्हणजे कोळ्यांचं गाव. वांद्र्याला सिनेनटांचं उपनगर समजणाऱ्यांनी तिथून एक चक्कर मारावी, वाळत घातलेली मासळी आणि ओढून ठेवलेल्या होड्या बघाव्यात.

मग वर, माउंट मेरीला. सध्याची इमारत तशी जुनी नाही, १९०४ सालची आहे. वास्तुविशारद होते शापुरजी चंदाभॉय. पारशी माणसाने बांधलेलं कॅथलिक चर्च, त्यात दर सप्टेंबरला हिंदूंची ही झुंबड; मुंबईत याचं कुणाला आश्चर्यही वाटत नाही. दगडी बांधकाम, दोन बाजूंना दोन मनोरे, टोकदार कमानी. १९५४ मध्ये पोपने या चर्चला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा दर्जा दिला. टेकडीवरची प्रार्थनास्थळाची जागा मात्र पोर्तुगीज काळापासूनची आहे आणि मधल्या काळात तिच्यावर बरंच काही गुदरून गेलं आहे. १७०० च्या सुमारास अरब चाचे आले, मूर्तीच्या हातातली सोन्यासारखी चकाकणारी वस्तू बघून त्यांनी हातच तोडून नेला, अशी हकिकत आहे. पुढे मधमाश्यांनी चाच्यांना पिटाळून लावलं असंही सांगतात. ते खरं की खोटं, हे मधमाश्यांनाच ठाऊक.

त्यानंतरचा भाग आपल्याला जवळचा आहे. चिमाजी आप्पांची वसईची मोहीम आपण शाळेत चर्चच्या घंटांसकट शिकलो. त्याच धामधुमीत, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यात येतं ते बेट, पोर्तुगीजांच्या हातून गेली आणि या टेकडीवरचं चॅपेलही (छोटं चर्च) उद्ध्वस्त झालं. मूर्तीला त्या काळात माहीमच्या सेंट मायकलमध्ये आसरा मिळाला. चॅपेल परत उभं राहिलं ते १७६० च्या आसपास. हे मी मावशीला पायऱ्यांवर बसून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याच लोकांमुळे हिला घर सोडावं लागलं, आणि आपलेच लोक आता हिच्याकडे घर मागायला येतात." घराचा विषय निघाला कारण समोर मेणाची घरं विकायला होती.

या दुकानांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माउंट मेरीला येणाऱ्यांच्या मनात चर्चइतकीच ती राहतात. चर्चबाहेर रस्त्याच्या कडेला मेणबत्तीवाल्यांची रांग आहे, आणि साध्या मेणबत्त्यांपेक्षा तिथे मेणाचे अवयवच जास्त. हात, पाय, डोळे, हृदय, अख्खा पुरुष, अख्खी बाई. मूल हवं असणाऱ्यांसाठी बाळ, लग्न जमायचं असेल तर जोडपं, शिवाय घर, गाडी, विमान. ज्याचं दुखणं किंवा ज्याची इच्छा त्याची मेणाची प्रतिमा घ्यायची आणि माउलीपुढे ठेवायची. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे, पाळणे वाहतात, त्याच जातीचं हे. मावशीला गुडघा हवा होता. दुकानदाराने अख्खा पाय दाखवला. मावशी म्हणाली, "बाकीचा पाय ठणठणीत आहे, नुसता गुडघा द्या." तो गंभीरपणे म्हणाला, "मावशी, पाय घेतला की गुडघा त्यातच आला. परत घोट्यासाठी यायला नको." शेवटी पायच घेतला. शेजारच्या दुकानात एक तरुण जोडपं मेणाच्या दोन घरांतून निवड करत होतं. एक बैठं कौलारू, दुसरं मजल्यांचं. बायको मजल्यांच्या घरावर अडून बसली होती. वांद्र्यात उभं राहून कौलारू मागणं म्हणजे माउलीलाही अवघडच, तिचं बरोबर होतं.

भाव आधी विचारा. आकार आणि तुमचा चेहरा बघून आकडा बदलतो, पहिल्याच दुकानात घेऊ नका. झेंडूचे हारही मिळतात. रिक्षातून उतरताच हार पुढे करणारे अंगावर येतात. शांतपणे नको म्हणा आणि पुढे चला. मेण उन्हात वितळतं, त्यामुळे दुपारी आलात तर वस्तू आधी घेऊन हिंडत बसू नका, चर्चमध्ये शिरायच्या अगदी आधी घ्या.

आत गेल्यावर मावशीने सवयीने चपला काढल्या. गरज नाही. चर्चमध्ये चपला घालूनच जातात, पण हिंदू भाविकांपैकी कितीतरी जण काढतात आणि कुणी काही म्हणत नाही. टोपी मात्र काढा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. मेणबत्त्या आत बाकांपाशी पेटवायला जाऊ नका, बाहेर नेमून दिलेली जागा आहे. समोर रस्ता ओलांडला की फातिमा मातेचं छोटं प्रार्थनास्थळ आहे, तिथेही लोक मेणबत्त्या लावतात.

गाभारा, म्हणजे वेदीचा भाग, बराच भपकेबाज आहे. उंचावर बाळ येशूला घेतलेली मारिया, भरजरी वस्त्रातली. तिच्याकडे बघताना लोकांचे हात वेगवेगळ्या तऱ्हेने जुळतात. कुणी कपाळ-छाती-खांदे असा क्रूस करतं, कुणी सरळ नमस्कार, एक आजी तर कानाला हात लावून मग जमिनीला टेकल्या. भिंतीवर मारियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं आहेत. त्यांचा क्रम लावत एक फेरी मारलीत तर इतर कुठल्याही माहितीपत्रकाची गरज पडणार नाही. वास्तू म्हणून मला सेंट अँड्र्यूज जास्त आवडलं, हे कबूल करतो. इथे बघायचं ते इमारतीत कमी आणि बाकांवर जास्त.

मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती सामुदायिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकांवर बसा, सगळे उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन फादरांकडून ख्रिस्तप्रसाद घेतात. तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. त्या रांगेत उभे राहू नका, जागेवरच थांबा. मिस्सा चालू असताना फोटो अजिबात नकोत. मिस्साच्या वेळा आणि भाषा फलकावर लावलेल्या असतात, आदल्या दिवशी पाहून ठेवता आल्या तर उत्तम.

बाहेर सावलीत एक वयस्कर ईस्ट इंडियन बाई बसल्या होत्या. मावशीशी त्यांची गट्टी जमली ती मराठीतूनच. त्यांच्या बोलण्याला आगरी-कोळी वळण होतं, मावशीचं सदाशिवपेठी, पण लोणच्यापासून सुनांपर्यंत एकही विषय अडला नाही. मुंबई-ठाणे-वसईच्या या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास घेतलं. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती नोकरदारांपेक्षा आपण इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून. आपल्यातल्या कितीतरी जणांना ख्रिस्ती म्हटलं की गोवाच आठवतो. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे होते, एवढं आठवलं तरी पुरे. बाईंनी मावशीला बॉटल मसाल्याची, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या खास घरगुती मसाल्याची कृती सांगितली. अर्थातच अर्धी. मसाल्याची पूर्ण कृती कोण देतं?

आता जत्रेबद्दल, आईची बाजूही मांडायला हवी. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. तेव्हा वर गाड्या सोडत नाहीत, बेस्ट स्टेशनपासून जादा बस सोडते, आणि तीच सगळ्यात सोयीची. काही वर्षी जत्रा आणि गणपती एकाच आठवड्यात येतात. त्या वर्षी वांद्र्याला गाडी नेण्याचं धाडस करू नका. जत्रेचा रंग मोठा आहे. खेळणी, पाळणे, खाज्यांचे ढीग, दोदोल, पेरूची वडी, भाजलेले चणे. रविवार सोडून आठवड्यातला मधला दिवस धरा आणि सकाळी सातच्या आत वर पोचा. लहान मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाऊस गेलेला नसतो, छत्रीऐवजी रेनकोट घ्या. त्या गर्दीत छत्री उघडलीत तर मागच्याचा डोळाच माउलीला वाहावा लागेल.

चर्चनंतर समोरच्या बाजूने पायऱ्यांनी समुद्राकडे उतरता येतं. गुडघेवाल्यांनी उतरू नये, आम्ही मावशीला रिक्षाने खाली पाठवलं. बँडस्टँडवर शाहरुखच्या घरासमोरची गर्दी चुकवून पुढे लँड्स एंडला गेलात तर वांद्र्याचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, १६४० चा. फारसं शिल्लक नाही, पण तिथून सागरी सेतू पूर्ण दिसतो. सेतूच्या अलीकडे माहीमचा जुना कॉजवे. तो होण्याआधी भाविक खाडी होडीने ओलांडत आणि होड्या बुडत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाईंनी पदरचे पैसे घालून रस्ता करवला, १८४५ मध्ये तो खुला झाला. सरकारने लोकांकडून टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती. सेतूवरून परतायचं की कॉजवेवरून, हे ठरवताना ती अट आठवा आणि संध्याकाळच्या गर्दीचा हिशोबही करा. सातच्या सुमाराला सेतूच्या टोलचे पैसे वसूल होतात.

खाण्याचं म्हणाल तर टेकडीवर फारसं काही नाही. खाली हिल रोड आणि चॅपेल रोडच्या बाजूला बेकऱ्या आहेत. चॅपेल रोड तसाही पायी हिंडण्यासारखा आहे. भिंतीवरची चित्रं, लाकडी जिन्यांची जुनी घरं, आणि गल्लीच्या तोंडाशी छोटे क्रूस. त्यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी संरक्षणासाठी उभारलेले. एखाद्यावर ताजा हार दिसेल. रणवार गावठाणापर्यंत चालत जा, पण तिथे माणसं राहतात, ओट्यावर बसून फोटो काढू नका. स्वच्छतागृहाची सोय चर्चच्या परिसरात विचारून घ्या, गावठाणात मिळणार नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि परतीची लोकल साडेचारच्या आत धरा. त्यानंतर दादरला गाडी बदलताना मावशीसारख्या माणसांना आत शिरणंच कठीण.