साहेबांच्या ऑफिसमधून बोलतेय

मंडईत, लग्नात, सारसबागेच्या कट्ट्यावर, कुठेही गाठ पडली की तुम्ही मला तेच विचारता. ‘ताई, सगळं काम तर तुम्हीच बघत होतात. मग साहेबांच्या जागी तुम्हीच का नाही उभ्या राहिलात?’ आजवर ‘अहो, कुठलं काय’ म्हणत वेळ मारून नेली. इतक्यांदा विचारलंत म्हणून आता एकदा नीट सांगते.

आमचे साहेब पेठेतले नगरसेवक. पहिल्यांदा निवडून आले १९९२ ला. पुण्यातली वर्तमानपत्रं नगरसेवकांना ‘माननीय’ म्हणतात ते निम्मं टोमण्यानं, पण साहेबांना तो शब्द मनापासून आवडायचा. मी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात १९९८ पासून. दाराशी माझं टेबल, टेबलावर फोन आणि खणात साहेबांनी सही करून ठेवलेली कोरी लेटरहेडं. शाळाप्रवेशाची शिफारस, शहरी गरीब योजनेचं कार्ड, तुंबलेलं ड्रेनेज, न आलेलं पाणी. रात्री दोनला कुणाचे वडील गेले तर अंत्यविधीचा पास काढण्यापासून वैकुंठ स्मशानभूमीत किती वेळ थांबावं लागेल ते विचारण्यापर्यंत सगळं. मजकूर माझा, अक्षर माझं, खाली सही साहेबांची.

शिवाय एक लांबट वही होती. वाड्यावाड्यानं, नंतर सोसायट्यांप्रमाणे, घरटी एक ओळ. शेवटचा रकाना शेऱ्याचा. ‘मुलगा बाहेरगावी, सून ठरवते.’ ‘आजोबांना नमस्कार केला की पुरतं.’ ‘गोड बोलतात, मत देत नाहीत.’ निवडणुकीत स्लिपा वाटायला निघालेल्या पोरांना मी त्या वहीतून घरं सांगायची. वही मात्र कुणाच्या हातात दिली नाही.

२००७ ला एक सदस्याचे वॉर्ड झाले. सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. साहेब ऑफिसात आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, ‘आता महिला शोधायला हवी.’ मी समोरच बसले होते. त्यांच्यासाठी चहाही मीच सांगितला.

उभ्या राहिल्या अर्थात वहिनी. निवडून आल्या. बाई शहाण्या, सभागृहात बोलायची हौस आणि बोलायच्याही मुद्द्याचं. पण लोक त्यांना वहिनीच म्हणत राहिले आणि त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या साहेबांना साहेब. २०१२ ला दोन सदस्यांचा प्रभाग झाला, एक जागा खुली आली, तिथं साहेब परतले. पाच वर्षं काम शिकलेल्या वहिनी पुन्हा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमापुरत्या उरल्या. एका घरात दोन तिकिटं पक्ष कुठून देणार!

तेव्हा मला राग आला होता का? आला होता. वहिनींसाठीही आणि माझ्यासाठीही. पण रागानं तिकीट मागता येत नाही. मागायला गेले असते तर पक्ष कार्यालयात पहिला प्रश्न आला असता, ‘तुम्हाला ओळखतं कोण?’ आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर तयार होऊ नये याचीच तर मी काळजी घेत आले होते. कुणी पेढे घेऊन आलं की ‘मला काय देताय, साहेबांनी केलंय’ म्हणायचं. ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या वॉर्डातल्या कामांच्या निधीतून, बाक बसले, कापडी पिशव्या वाटल्या, त्यावर कुणाचं नाव किती ठळक हवं ते मीच बघायची. ऑफिस असंच चालतं. आमच्याकडे तर फारच चोख चाललं होतं.

इथवरचं ऐकून तुम्ही मला बिचारी म्हणाल, म्हणून पुढचंही सांगते.

आमच्या एका मंडळात एक मुलगा होता. दहीहंडी, रक्तदान वगैरे सगळेच करतात. हा मात्र पावसाळ्याआधी स्वतः चेंबरची झाकणं तपासत फिरायचा. दोन-तीन वर्षांत लोक ऑफिसला न येता परस्पर त्याच्याकडे जायला लागले. माझ्या वहीत त्याच्या गल्लीसमोर नव्या तक्रारीच येईनात. मी साहेबांना सांगितलं. चांगलं काम करतोय म्हणून नाही सांगितलं, ‘लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं. पुढच्या गणपतीत फ्लेक्सवर खाली कार्यकर्त्यांचे फोटो होते, त्यातला त्याचा फोटो निघाला. प्रिंटरला फोन मी केला होता. साहेबांनी तोंडानं तसं सांगितलंही नव्हतं. पुढं तो दुसऱ्या पक्षात गेला, २०१७ ला हरला, मग राजकारण सोडून त्यानं केटरिंगचा धंदा काढला. मसालेभात उत्तम करतो.

‘दोन नंबरचा माणूस तयार केला की तो एक नंबरचं तिकीट मागतो’ असं साहेब म्हणायचे. यात खोटं काहीच नाही. म्हणून मग दोन नंबरलाही साहेब, तीन नंबरलाही साहेब आणि ‘साहेबांना पर्याय नाही’ हे ठिकठिकाणी सांगत फिरायला मी.

वारसाचा विषय निघाला की तुमच्यातले निम्मे म्हणतात, तिकीट घरातच द्यावं, सहानुभूती असते. निम्मे म्हणतात, घराणेशाही नको. दोन्ही बाजूंना दाखला एकाच दिवसाचा लागतो, २६ फेब्रुवारी २०२३. त्या दिवशी दोन पोटनिवडणुका होत्या. कसब्यात आमदार मुक्ता टिळक गेल्या होत्या, चिंचवडमध्ये लक्ष्मण जगताप. चिंचवडला भाजपनं तिकीट जगतापांच्या पत्नीला दिलं, जागा राहिली. कसब्यात टिळकांच्या घरात न देता हेमंत रासनेंना दिलं आणि गिरीश बापटांनी १९९५ पासून सलग पाच वेळा जिंकलेली कसब्याची जागा साधारण अकरा हजारांनी काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांकडे गेली. झालं, घरातच द्यायला हवं होतं हे सिद्ध! पण २०२४ ला त्याच रासनेंनी त्याच धंगेकरांना हरवलं. तेव्हा तो सिद्धांत कुठं गेला होता?

त्याही मागचं सांगते. १९९१ ला भाजपचे अण्णा जोशी खासदार झाले आणि त्यांची कसब्याची आमदारकी रिकामी झाली. पोटनिवडणुकीत पक्षानं उभे केलेले बापट काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून पडले. म्हणजे ज्यांच्या वारसाची पुढं एवढी चर्चा झाली, ते स्वतः वारस म्हणून पहिल्या फटक्यात नापासच होते. १९९५ नंतरची मतं त्यांनी स्वतः मिळवली होती. कट्ट्यावर बसून, सगळ्या पक्षांत मित्र ठेवून मिळवलेली मतं सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखी दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. २०२३ च्या पोटनिवडणुकीत आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून केसरीवाड्यातल्या मेळाव्याला आले होते. व्हिडिओ बघताना मला भरून आलं, पण मत काही त्या नळीतून पुढच्याकडे जात नाही. आणि समोर होते धंगेकर. बापटांकडून २००९ आणि २०१४ ला हरलेले, तरी गल्लीत हिंडायचे न थांबलेले. ‘हू इज धंगेकर?’ असं विचारलं गेलं होतं. निकालानंतर ‘धिस इज धंगेकर’चे फ्लेक्स लागले. पुणेकर मत देतील न देतील, फ्लेक्सवर उत्तर देणारच.

त्यानंतर महिन्याभरात, २९ मार्चला, खासदार असलेले बापटही गेले. लोकसभेची मुदत संपायला वर्षाहून जास्त अवकाश होता, तरी पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरात उच्च न्यायालयानं ती घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. चौदा महिने पुण्याला खासदार नव्हता. वारस कोण यावर अमृततुल्यात तास तास घालवणारे आपण, जागा नुसतीच रिकामी राहिली तर फार कुणाचं अडलं नाही.

आमच्याकडेही तेच. १४ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. साहेबांची बायपास झालेली. ‘आता बास,’ म्हणाले. लगेच घरात दोन इच्छुक तयार, मुलगा आणि पुतण्या. निवडणूक मात्र जवळजवळ चार वर्षं लागलीच नाही. एवढा काळ घरात दोन वारस आणि वाटायला काही नाही, म्हणजे काय होतं ते मी सांगत बसत नाही. मुलानं माझ्याकडून वही मागून घेतली. दिली मी. त्यानं ती एक्सेलमध्ये भरून घेतली: नाव, पत्ता, मोबाईल. शेऱ्याचा रकाना कुठं गेला विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, तो डेटा सॉर्ट होत नव्हता.’

शेवटी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दोघांनाही मिळाला नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो तिसऱ्याच माणसाच्या हातात होता आणि तो माणूस आठवड्यापूर्वीपर्यंत दुसऱ्या पक्षात होता. साहेब त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, ‘आपल्याकडे तयार असं कुणी नव्हतंच ना.’ मी ‘हो’ म्हणाले. मंडळातल्या त्या मुलाच्या फोटोचं आणि प्रिंटरच्या फोनचं त्यांना आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला आठवलं.

गेल्या महिन्यात आमच्या बोळातलं ड्रेनेज तुंबलं. सवयीनं सगळे माझ्याच दारात आले. मीही सवयीनं क्षेत्रीय कार्यालयात फोन लावला आणि म्हणाले, ‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतेय.’

पलीकडचा मुलगा नवा असावा. ‘कोण साहेब?’

मी थोडी थांबले आणि माझं नाव सांगितलं. त्यानं पूर्ण नाव विचारलं, मोबाईल लिहून घेतला, तक्रारीचा नंबर दिला. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली.