केशतेलाच्या कार्डावरची नथ : मागची बाजू सुटली, पेच वाढला

मागच्या नोंदीतील केशतेलाचे जुने जाहिरात-कार्ड, म्हणजे नथ घातलेल्या एका अनोळखी स्त्रीचे चित्र असलेले, अखेर ज्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते त्यापासून वेगळे झाले आहे. शिळाछापाची (लिथोग्राफीची) तेलयुक्त शाई सहसा पाण्याला दाद देत नाही. पण या कार्डावर वार्निशचा थर आहे आणि तो ओलाव्याने पांढुरका पडण्याची भीती होती. म्हणून बुडवण्याऐवजी पुठ्ठा मागून पापुद्र्या-पापुद्र्याने सोलला आणि उरलेली खळ मिथाइल सेल्युलोज या सौम्य डिंकासारख्या पदार्थाच्या लेपाने मऊ केली. मराठवाड्यातील एप्रिलच्या हवेत ओला कागद बघता बघता वाकतो, त्यामुळे हे काम पहाटे उरकून कार्ड लगेच टीपकागदांत वजनाखाली ठेवले. ते सपाट निघाले, याचे समाधान शब्दांत सांगता येणार नाही.

मागे किंमत कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानची) आणि हाली (निजामाच्या हैदराबाद संस्थानाची) अशा दोन्ही नाण्यांत छापली आहे आणि परभणीच्या मोंढ्यातील (बाजारपेठेतील) एका दुकानाचा उर्दू शिक्का आहे. हाली चलन संस्थानाच्या विलीनीकरणानंतरही काही वर्षे चालू राहिल्याने एवढ्यावरून काळ ठरत नाही. मात्र अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकत नाही. म्हणजे 1950 च्या सुमारास कागदात आलेली शुभ्रक द्रव्ये (कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेली, अतिनील प्रकाशात चमकणारी रसायने) त्यात नाहीत आणि हे नंतरचे पुनर्मुद्रण असण्याची शक्यता बरीच कमी होते. (अतिनील टॉर्च घेताना 365 नॅनोमीटर तरंगलांबीचीच घ्यावी, स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्चने नुसता भिंतीचा रंग बदलतो.)

खरा पेच पुढच्या बाजूला आहे. नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि खोपा पाहून आपल्या संग्राहकांपैकी बहुतेकांनी हिला ‘मराठी नटी’ असे नाव देऊन टाकले होते. दहापट भिंगाखाली मात्र चेहरा हाफटोनच्या (छायाचित्र बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याच्या पद्धतीच्या) नियमित ठिपक्यांचा, म्हणजे छायाचित्रावरून घेतलेला दिसतो, तर नथ, चंद्रकोर आणि लुगड्याचे काठ हे हाताने रेखलेले, ठिपक्यांवर चढवलेले सपाट रंग आहेत. नाकपुडीवर सोनेरी रंग ठिपक्यांना झाकून जातो. त्याहून बोलका पुरावा खोप्याच्या कडेला आहे, कारण काळ्या शाईबाहेर आखूड, कुरळ्या बटांचे ठिपके राहून गेले आहेत. छायाचित्रातली स्त्री खोपा घालून बसलेलीच नव्हती. तिचे मराठीपण छापखान्यात चढले.

मूकपटांच्या काळाशी हे सुसंगत आहे. पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू कुटुंबातील अभिनेत्री रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या आणि अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ ‘सीता देवी’ झाल्या. पडद्यासाठी नाव बदलत होते, तर कार्डासाठी दागिना बदलणे छापखान्याला जड नव्हते. याउलट 1941 मध्ये अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्यांची स्वतःची ओळख हेच जाहिरातीचे भांडवल होते. आपल्या कार्डावर नाव नाही, हे मला त्यामुळे अधिक अर्थपूर्ण वाटते.

चेहरा सुलोचनाबाईंचा असावा, असा मोह मलाही होतो आणि त्यांच्या स्टुडिओतील छायाचित्रांशी नाक-हनुवटीची मापे जुळवण्याचे मी ठरवले होते. परंतु हे लिहिता लिहिताच त्याहून चांगली वाट सुचली. छापखाने तयार चित्रांचा साठा ठेवत आणि मोकळ्या जागेत त्या त्या दुकानाचे नाव छापून देत. तेव्हा हाच चेहरा गुजराती पदराने किंवा दाक्षिणात्य वेणीनेही विकला गेला असेल, तर तिच्या नावापेक्षा तिची ही रूपे शोधणे अधिक मोलाचे ठरेल. मापांचे काम तूर्त बाजूला ठेवले आहे.

नांदेड, सोलापूर आणि हैदराबादकडील संग्राहकांनी आपले अल्बम तपासावेत. हिच्या डाव्या भुवईखाली ठिपक्यांना छेदणारी एक बारीक पांढरी रेघ आहे. ती शाईतली नसून निगेटिव्हमधली वाटते. त्यामुळे त्याच निगेटिव्हवरून बनलेल्या प्रत्येक छपाईच्या ठोकळ्यात ती उतरली असणार, मग वर लुगडे असो वा घागरा. तसा चेहरा सापडल्यास कार्ड पीव्हीसीच्या पाकिटातून काढून, मोजपट्टी शेजारी ठेवून, तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे.