तुम्ही विचारलंत म्हणून: दिवा लागला, तरी पोर्ट का उठत नाही?

इन्फिनीबँडने जोडलेल्या सर्व्हरांचा समूह (क्लस्टर) पहिल्यांदा हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो. "केबल घट्ट बसलीये, दिवा लागलाय, मग पोर्ट 'इनिशियलायझिंग'वरच का अडकलाय?" सर्व्हरना सर्व्हर जोडणारं हे वेगवान जाळं, पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकातही हेच आहे. इथरनेटवर हात बसलेल्या माणसाला त्याचं वागणं पटत नाही. इथरनेटचा स्विच येणाऱ्या फ्रेम (डेटाची पाकिटं) बघून पत्ते आपले आपण शिकतो. इथे तसं कुणी शिकत नाही.

प्रत्येक कार्डाला आणि स्विचला कारखान्यातच 64 बिटांचा जीयूआयडी, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळालेला असतो. पण सबनेटच्या, म्हणजे एका मॅनेजरखालच्या जाळ्याच्या, आत पॅकेट त्यावर धावत नाही, ते धावतं 16 बिटांच्या लिडवर, म्हणजे स्थानिक पत्त्यावर. आणि लिड वाटतो सबनेट मॅनेजर, हे जाळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. जीयूआयडी म्हणजे गाडीचा चेसिस नंबर, लिड म्हणजे पार्किंगवाल्याने हातात ठेवलेलं टोकन.

त्यामुळे मॅनेजर चालू आहे का, हे आधी बघा. तो स्विचमध्येच असतो, नाहीतर एखाद्या सर्व्हरवर ओपनएसएम हा मॅनेजर प्रोग्रॅम चालवावा लागतो. स्वस्तातला अनमॅनेज्ड (आत मॅनेजर नसलेला) स्विच विकणारा हे सांगायच्या भानगडीत सहसा पडत नाही. पोर्टाची स्थिती दाखवणारी आयबीस्टॅट ही कमांड चालवा. 'फिजिकल स्टेट' लिंकअप, 'स्टेट' इनिशियलायझिंग आणि 'एसएम लिड' (मॅनेजरचा लिड) शून्य दिसलं, तर केबल उपटत बसू नका. मॅनेजर सुरू करा.

मग कुणालाच लिड नसताना मॅनेजर सगळ्यांपर्यंत पोचतो कसा? मला या सगळ्यात आवडतो तो हाच भाग. तो वाट पॅकेटमध्येच लिहून पाठवतो: पहिल्या स्विचच्या 3 नंबरच्या पोर्टातून बाहेर, पुढच्याच्या 17 मधून, असं. वाटेत जो भेटेल त्याचा जीयूआयडी टिपतो, लिड देतो, प्रत्येक स्विचमध्ये कुठला लिड कुठल्या पोर्टाने जायचा याचा तक्ता भरतो. त्यानंतर पोर्ट आधी 'आर्म्ड' आणि मग 'ॲक्टिव्ह' होतो. एका सबनेटमध्ये असे साधे लिड 49,151च. मॅनेजर दोन सर्व्हरांवर खुशाल ठेवा, ठेवाच. ज्याची प्रायॉरिटी जास्त तो मास्टर, बरोबरी झाली तर लहान जीयूआयडीवाला, आणि दुसरा स्टँडबाय.

एक विनंती. वहीत किंवा स्क्रिप्टमध्ये मशीनची ओळख म्हणून लिड लिहू नका, जीयूआयडी लिहा. लिड बदलू शकतो.

आणि आता जोडप्रश्न: "दोन्हीकडे ॲक्टिव्ह, आयपीही दिलाय, तरी पिंग का नाही?" तेव्हा पी-की, म्हणजे पोर्ट कुठल्या गटात आहे हे सांगणारा 16 बिटांचा आकडा, बघा. कुठलं मशीन कुणाशी बोलू शकतं हे त्या 16 बिटांत ठरतं. सर्वांत वरचा बिट 1 असेल तर गटाचा पूर्ण सदस्य, 0 असेल तर मर्यादित. दोन मर्यादित सदस्यांना, की एकच असली तरी, एकमेकांशी बोलता येत नाही.