आधी बस, मग अटलांटिस: केनेडी स्पेस सेंटरमधला एक दिवस

नासाचं हे अवकाशकेंद्र अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, ऑरलँडोहून गाडीने तासाभराचा रस्ता. दार उघडल्या उघडल्या मी थेट बसची रांग गाठली. बरेच जण अटलांटिस हे स्पेस शटल (पुन्हा पुन्हा वापरता येणारं अवकाशयान) जवळ म्हणून आधी तिकडे वळतात आणि तिथेच फसतात. माणसांना चंद्राकडे नेणारं रॉकेट सॅटर्न-५ वेगळ्या आवारात आहे, तिथे स्वतःच्या गाडीने जाता येत नाही आणि शेवटची बस संग्रहालय बंद होण्याच्या बरीच आधी सुटते. प्रक्षेपणाच्या दिवशी फेऱ्या बदलतात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवलेलं बरं.

सॅटर्न-५ तिथे आडवं, डोक्यावर आहे: ११० मीटर. शेपटाकडे पाच एफ-१ इंजिनं दिसतात. हा पहिला टप्पा २,००० टनांहून जास्त इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन अडीच-पावणेतीन मिनिटांत संपवायचा. रॉकेट खरं आहे, पण उडालेलं नाही. पहिला टप्पा तर चाचण्यांसाठीच बनवलेला.

चंद्राला जाऊन आलेली वस्तू बघायची तर अपोलो-१४ चं यान ‘किटी हॉक’ गाठा. अपोलो यानांच्या उष्णताकवचात मधाच्या पोळ्यासारखी ३.७ लाखांहून जास्त घरं असत आणि प्रत्येक घर हाताने भरलं जाई. परतताना वेग सेकंदाला ११ किलोमीटर. कवचाचा थर जळून झडायचा आणि उष्णता सोबत न्यायचा. म्हणजे एकदाच वापरायचं कवच.

हे डोक्यात ताजं असताना अटलांटिस बघावं, कारण ते ३३ वेळा गेलं आणि परत आलं. यान ४३.२१ अंशांत कललेलं ठेवलंय (४-३-२-१, उलटी गणती!). वरून सामानकक्षाची उघडी दारं दिसतात. फोटो तिथे चांगले येतात, पण मजा खालच्या मजल्यावर आहे. पोटाच्या काळ्या फरशा सिलिकाच्या तंतूंच्या, आत बहुतेक हवाच. त्या जळत नाहीत, उष्णता आत पोचू देत नाहीत. आतलं ॲल्युमिनियम १७५ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. नीट पाहिलं तर काही फरशा राखाडी पडलेल्या, काही कुळकुळीत काळ्या. काळ्या त्या नंतर बदललेल्या.

पंखांची पुढची करडी कडा मात्र कार्बनची. २००३ मध्ये कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखाला याच ठिकाणी, उड्डाणावेळी सुटलेल्या फोमच्या तुकड्याने भोक पाडलं. ही कडा बघूनच शेजारच्या स्मृतिदालनात गेलो. तिथे अपघातात नष्ट झालेल्या दोन शटलचे अवशेष, म्हणजे चॅलेंजरच्या सांगाड्याचा भाग आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत. कल्पना चावला त्याच कोलंबियात होत्या.

रॉकेट गार्डन शेवटी. उघड्यावर आहे, दुपारी तिथे भाजून निघतं. ऊन उतरल्यावर अर्धा तास पुरतो. आडवं ठेवलेलं सॅटर्न-१बी चुकवू नका. स्कायलॅब या अवकाशस्थानकावर कुणी अडकलं तर सोडवून आणायला ते राखून ठेवलं होतं. ते उडवायची वेळ आलीच नाही.