पुणे ते सावंतवाडी, टक्क्यांच्या हिशेबाने

पुण्याहून सकाळी सहाला निघालो तेव्हा बॅटरी १०० टक्के होती. गाडी इलेक्ट्रिक, ४५ युनिट बॅटरीची, म्हणजे एक टक्का साधारण अर्ध्या युनिटाला थोडा कमी. हा आकडा पाठ असला की पुढचं गणित तोंडी होतं. डॅशबोर्डवर 'रेंज ३६०' वगैरे दिसतं, त्याकडे बघू नये. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या चालण्यावरून काढलेला अंदाज असतो. शहरात रांगत आलेल्या गाडीला हायवेही तसाच असेल असं वाटतं, आणि खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडेपर्यंत तिचा भ्रम उतरतो.

हायवेवर खर्च ठरतो तो वेगावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० ऐवजी १०० ने गेलं की त्या विरोधापोटी दर किलोमीटरला दीडपटीहून जास्त ऊर्जा जाते. आमच्या गाडीला ८०-८५ ला किलोमीटरमागे १४०-१५० वॅट-तास लागतात (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). १०० ला १७० च्या पुढे. पुणे-सातारा ११० किलोमीटरच्या टप्प्यात हा फरक दोन-अडीच युनिटांचा, म्हणजे पाच-सहा टक्क्यांचा. चार्जरवर तो पाच मिनिटांत भरून निघतो, म्हणून घाई असेल तर खुशाल पळवा. पण पुढचा चार्जर चालू आहे याची खात्री नसेल तेव्हा हेच पाच टक्के सोन्याचे.

खंबाटकी घाटाने चार टक्के खाल्ले. चढ संपल्यावर थोडे परत मिळतात, सगळे नाही. साताऱ्याच्या अलीकडे ६२ टक्के उरले होते. कोल्हापूर तिथून १२० किलोमीटर, खर्च ३७-३८ टक्के. थेट गेलो असतो तरी २४-२५ टक्क्यांवर पोचलो असतो. मग थांबलो कशाला? कारण नाश्त्याला थांबायचंच होतं, आणि थांबलेली गाडी गनला, म्हणजे चार्जरच्या केबलच्या प्लगला, लावलेली नसणं म्हणजे वाया गेलेला वेळ. चार्जिंगसाठी थांबू नये, थांबू तिथे चार्जिंग करावं.

इथे एक गोष्ट नकाशा सांगत नाही: चार्जर रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्याला मध्ये दुभाजक आहे, बाजूला सर्व्हिस रोड आहेत, आणि साताऱ्यापुढे रुंदीकरणाची वळणं. नकाशावर 'दोनशे मीटर' दिसणारं हॉटेल पलीकडच्या बाजूला असेल तर पुढच्या पुलाखालून वळून यायला पाच-सहा किलोमीटर जातात, आणि परत आपल्या दिशेला लागायला तेवढेच. घरूनच उपग्रह दृश्यात चार्जर डाव्या हाताला आहे ना ते बघून ठेवतो आणि वहीत जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे लिहितो.

साताऱ्याचा चार्जर ६० किलोवॅटचा, दोन गनचा. अशा यंत्राचे ६० हे दोन्ही गन मिळून असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की ३०-३० होतात. शेजारी कोणी नसतानाही आम्हाला ३३ च मिळाले, आणि ही यंत्रातली बिघाडी नव्हे. पाटीवर किलोवॅट लिहितात, पण केबलमधून जातात ते अँपिअर. त्या गनची मर्यादा १०० अँपिअर होती. आमच्या बॅटरीचं व्होल्टेज ३३० च्या आसपास. ३३० गुणिले १०० म्हणजे ३३ किलोवॅट, विषय संपला. पूर्ण ६० हवे असतील तर गन २०० अँपिअरची लागते. म्हणून ॲपमध्ये किलोवॅटपेक्षा गनचे अँपिअर शोधा. ते लिहिलेले नसतील तर चार्जिंग सुरू झाल्यावर पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात, ते एकदा टिपून ठेवा. पुढच्या वेळी त्या थांब्याचा अंदाज चुकत नाही.

गन लावण्याचा क्रम साधा आहे, तरी निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. गाडी पार्किंगमध्ये, हँडब्रेक वर, गाडी बंद. झाकण उघडून खालच्या दोन जाड पिनांवरची रबरी टोपीही काढायची. ती विसरली की गन आत जातच नाही आणि माणूस चार्जरला शिव्या घालतो. सीसीएस-२ (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा इथला प्रचलित प्रकार) गनला स्वतःची कडी नसते, गाडीच ती आतून मोटारीने पकडते. केबल जड, ती गनला खाली ओढते, त्यामुळे तोंड किंचित तिरकं राहतं आणि ती पकड बसत नाही. यावर उपाय हाताचा: गन पूर्ण आत दाबायची, तळव्याने खालून उचलून धरायची, आणि 'कट' आवाज येईपर्यंत सोडायची नाही. मग ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करायचा आणि गन ए की बी ते नीट निवडायचं. चुकीची गन निवडली की यंत्र रिकाम्या गनवर गाडीची वाट बघत बसतं.

सुरू केल्यावर पहिलं मिनिट काहीच होत नाही असं वाटतं. त्या वेळात गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलत असतात: किती व्होल्ट, जास्तीत जास्त किती अँपिअर. मग चार्जर केबलमध्ये कुठे गळती नाही ना हे तपासतो, व्होल्टेज बॅटरीच्या बरोबरीला आणतो, तेव्हा कुठे गाडीतले काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारे मोठे स्विच, 'ठक' करून जुळतात. या मिनिटात गन हलवली, गाडी चालू केली किंवा उतावळेपणाने पुन्हा 'स्टार्ट' दाबलं की सगळं मुसळ केरात. फसलंच तर ॲपमधून सत्र बंद करावं, गन काढून जागेवर ठेवावी, गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबावं, मग पहिल्यापासून. तीनदा फसलं तर दुसरी गन. तीही फसली तर तो चार्जर सोडून द्यावा, हेल्पलाइनवर पाऊण तास घालवू नये. अपवाद एकच: यंत्र पूर्ण मेल्यासारखं दिसत असेल तर बाजूचं लाल बटण बघा. येता-जाता पोरं ते दाबतात. घड्याळाच्या दिशेने पिळलं की ते बाहेर येतं, आणि यंत्र पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतं.

मिसळ आणि चहा होईपर्यंत वीस मिनिटं झाली. बिलात ११ युनिट, बॅटरीत त्यातले साधारण १०. उरलेलं बॅटरी थंड ठेवण्यात आणि बारीकसारीक नुकसानीत जातं. युनिटला २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून २६० च्या आसपास. दर बघताना जीएसटी धरून आहे की सोडून ते बघावं, ॲपवाले बहुधा सोडूनच दाखवतात. घरच्या मीटरवर हेच युनिट खूप स्वस्त पडतात, त्यामुळे रोजची गाडी निव्वळ फास्ट चार्जरवर चालवणाऱ्याची बचत बरीच आटते. सोसायटीत पार्किंगला मीटर मिळत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा चार्जर गाठणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच: २० ते ८० टक्क्यांतच खेळा, आणि संध्याकाळी सात ते नऊ टाळा.

पैशांचं आणखी थोडं. बहुतेक ॲपमध्ये आधी वॉलेट भरावं लागतं, आणि उरलेली रक्कम परत यायला दिवस लागतात. म्हणून प्रत्येकात दोन-दोन हजार कोंबण्यापेक्षा वाटेवरच्या तीन-चार ॲपमध्ये पाचशे-पाचशे असू द्यावेत, आणि खातं उघडणं, ओटीपी, गाडीची माहिती हे सगळं घरी उरकावं. चार्जरसमोर उभं राहून पावसात ओटीपीची वाट बघणं यासारखी शिक्षा नाही. वॉलेटमध्ये तीनशे उरले असतील तर तीनशेचे युनिट झाले की चार्जिंग थांबतं, आणि आपण आत जेवत बसलेलो असतो.

साताऱ्यातून ८४ टक्क्यांवर निघालो. कराड, पेठ नाका, किणीचा टोल. कराडला थांबायची आमच्याकडे अनेकांना सवय आहे, कारण तिथे अंतर साधारण मध्यावर येतं. पण निम्मी भरलेली गाडी भरणं आणि जवळपास रिकामी भरणं यात रिकामी कधीही बरी. शिवाय शहरात चार्जर एकाहून अधिक असतात, एक बंद निघाला तर दुसरा चार किलोमीटरवर. हायवेवरच्या एकट्या हॉटेलात ती सोय नाही. आमचा नियम असा: ज्या चार्जरला पोचायचं, तिथे पोचल्यावर त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याएवढी बॅटरी हातात हवी. टक्केवारी किती हा प्रश्न गौण. एकट्या चार्जरला ३० टक्केही कमी, शहरात १२ पुरतात.

कोल्हापूरला ४६ टक्के. इथे १२० किलोवॅटचा चार्जर मिळाला, पण आमची गाडी ६० च्या आसपासच घेते. यंत्र कितीही मोठं असलं तरी घेणाऱ्याच्या तोंडाएवढंच. महिंद्राच्या काही नव्या गाड्या १७५ किलोवॅटच्या आसपास घेऊ शकतात, त्यांना अशा ठिकाणी खरा फायदा. ४६ ते ८० टक्के वीस मिनिटांत झाले. पुढे वेग निम्म्याहून खाली येतो. सेल भरत आले की त्यांचं व्होल्टेज मर्यादेला टेकतं, मग बॅटरीचा मेंदू करंट कमी करत नेतो. ८० ते ९० ला आणखी चौदा मिनिटं लागली असती. मे महिन्यात दुपारच्या उन्हातून १०० ने आलेली गाडी असेल तर हा वेग ८० च्या आधीच पडतो, कारण बॅटरी तापलेली असते. अशा वेळी सावलीचा चार्जर निवडावा.

८० ला गन काढली. पुढचा रस्ता निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली. निपाणीनंतर हायवे सुटतो आणि चार्जर विरळ होतात, म्हणून १०० करूनच निघा असा सल्ला सर्रास मिळतो. तो घाबरट सल्ला आहे. आंबोलीपर्यंत ११५-१२० किलोमीटर, वेग ५०-६० चा, चढ-उतार आणि ओला रस्ता धरून ४० टक्के. आंबोलीत ४० उरतात, आणि तिथून पुढे खर्च नाहीच.

खर्च नाही हे खरंच हिशेबाने येतं. माणसं-सामान धरून गाडी १७०० किलोची. घाटातला उतार सुमारे ६०० मीटर. एवढं वजन एवढं खाली येताना २.८ युनिट ऊर्जा सुटते. सावंतवाडीपर्यंतच्या तीस किलोमीटरना घाटाच्या वेगात पावणेतीन युनिट लागतात. फिट्टंफाट. ३९ टक्क्यांवर आंबोलीत शिरलो, मधे एकदा ४१ दिसले, सावंतवाडीत पुन्हा ३९. यासाठी रिजन (मोटारीनेच वेग रोखून वीज परत बॅटरीत घालण्याची सोय) सर्वांत जोराच्या पायरीवर ठेवायचा, ब्रेकला पाय क्वचित लावायचा. मात्र आंबोलीत मुक्काम करून १०० टक्के भरून घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीला परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, रिजन मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. धुक्यात, पावसात, धबधब्यापाशी थांबलेल्या गर्दीत ते नको.

पावसाबद्दल नेहमी विचारतात. भिजत चार्ज करायला हरकत नाही. सगळी तपासणी झाल्याखेरीज पिनांत वीज येतच नाही. पण गन जमिनीवर पडलेली असेल किंवा तिच्या भोकांत पाणी साचलं असेल तर तोंड खाली करून झटकावी आणि कोरडी होऊ द्यावी. नाहीतर गळतीची तपासणी नापास होते आणि पडद्यावर 'इन्सुलेशन फॉल्ट' येतो. तो गाडीचा दोष नसतो.

सावंतवाडीत रात्री लॉजच्या १५ अँपिअर सॉकेटला गाडी लावली. इथे खरी अडचण अर्थिंगची. गाडीसोबतचा चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून बसतो, आणि त्याचं बरोबर असतं. कधी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. लॉजच्या मालकाला खोली ठरवतानाच गीझरचा किंवा एसीचा सॉकेट पार्किंगजवळ आहे का हे विचारावं, त्यांची वायर जाड असते. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघावा: कोमट चालेल, चटका बसत असेल तर काढा. तासाला तीन युनिट, नुकसान वजा जाता सहा टक्के, दहा तासांत साठेक. सकाळी ९८ होते. लॉजला युनिटप्रमाणे पैसे आधीच ठरवून दिले की पुढच्या गाडीवाल्यालाही सॉकेट मिळतो.

परतीला तोच घाट सहा युनिट घेतो, म्हणजे तेरा टक्के. जाताना ४० टक्क्यांवर आंबोली सोडणाऱ्याने येताना सावंतवाडीहून ८५ च्या खाली निघू नये. आणि रविवार असेल तर साताऱ्याच्या चार्जरवर दुपारी चारच्या आत पोचावं. त्यानंतर तिथे गोव्याहून, कोल्हापूरहून आणि महाबळेश्वरहून परतणाऱ्यांची रांग एकत्र लागते.