बडोद्याच्या पोलो ग्राऊंडवर सकाळी साडेसहाला

दांडिया बाजारातून कीर्तिस्तंभाच्या बाजूला चालत निघालं की वीसेक मिनिटांत पोलो ग्राऊंड येतं. मुलींच्या फुटबॉलचा सराव बघायचा असेल तर उजाडतानाच पोचावं आणि वॉर्म-अप अजिबात चुकवू नये. मी तर त्याच्यासाठीच गेले होते.

वॉर्म-अप 'इलेव्हन प्लस'चा होता, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी फिफाने आखलेल्या व्यायामांचा. आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं जोरात धावणं. उड्या सुरू झाल्या तशा प्रशिक्षक ताई मुलींच्या बरोबर समोर उकिडव्या बसल्या. बाजूला उभं राहिलं तर मुख्य चूक दिसतच नाही: जमिनीवर येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, फाटतो तो बऱ्याचदा असाच, आणि मुलींना हा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त. "अगं, गुडघा बोटांच्या रेषेत ठेव. आणि पायांचा आवाज नको." आवाज झाला म्हणजे गुडघे वाकलेच नाहीत, सगळा दणका सांध्याने घेतला.

खेळाडूची प्रशिक्षक होताना हेच अवघड जातं. पायांना येत असतं, तोंडाला येत नाही, म्हणून ती स्वतःच करून दाखवत राहते. चौघी विरुद्ध दोघी हा पासचा खेळ दहा मीटरच्या चौकोनात लावला आणि दोन पासांतच चेंडू त्या दोघींकडे जायला लागला, तर ओरडून उपयोग नसतो. चौकोन बारा मीटरचा करायचा. डी, सी, बी, ए, प्रो अशी प्रशिक्षकाच्या लायसन्सची शिडी चढताना हे बघणंच शिकायचं असतं.

गोव्याच्या मेमॉल रॉकी भारताकडून खेळल्या आणि 2017 मध्ये वरिष्ठ महिला संघाच्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या काळात संघ पहिल्यांदाच ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पोचला. मार्च 2019 मध्ये बिराटनगरला नेपाळला 3-1 हरवून दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेचं सलग पाचवं विजेतेपद आलं. मला मात्र त्यानंतरचं, एप्रिलमधलं म्यानमारचं मंडाले जास्त आठवतं; ऑलिंपिक पात्रतेची ती दुसरी फेरी तिथेच झाली. इंडोनेशियाला 2-0, नेपाळला 3-1 हरवलं, म्यानमारशी 3-3 बरोबरी. दोघांचे गुण सात-सात, पण म्यानमारने इंडोनेशियावर सहा गोल चढवले होते. गोलफरकात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केल्यावर, आपण मागे पडलो. एकही सामना न हरता बाहेर! अजून जीव हळहळतो.

पोलो ग्राऊंडवर शेवटी दहा-दहा मिनिटांचे सामने झाले. ताईंच्या वहीत गुणांशेजारी गोलफरकाचा वेगळा रकाना होता. तीन-शून्य झाल्यावर एक मुलगी रमतगमत चालायला लागली.

"ताई, जिंकलोच ना आता?"

"चार मिनिटं आहेत अजून. चेंडू आण मध्यावर, पळ."